स्टँडमधलं हसू

नमस्कार श्रोतेहो.

10 जानेवारी 2021. रविवार होता, आपल्याकडे पोह्यांची वेळ. सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा चौथा दिवस चालू होता आणि आपला वेगवान गोलंदाज मोहम्मद सिराज सीमारेषेजवळ उभा होता. पुढची ओव्हर सुरू व्हायच्या आत तो तिथून चालत आत आला, सरळ कर्णधाराकडे. विराट कोहली घरी परतला होता, त्यामुळे कर्णधार होता आपला डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. दोघांचं काहीतरी बोलणं झालं, पंच आले, बाकीचे खेळाडू गोळा झाले. घरी टीव्हीसमोर आम्हाला वाटलं, कुणाला दुखापत झाली असेल.

दुखापत म्हणायची तर होतीच. स्टँडमधून त्याला जे ऐकवलं जात होतं, ते आदल्या दिवशीही त्यानं आणि जसप्रीत बुमरानं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते सांगितलं, तेव्हा पुन्हा असं झालं तर तिथल्या तिथे सांगा, असं त्यांना सांगण्यात आलं. सिराजनं तेवढंच केलं. आठ-दहा मिनिटं खेळ थांबला. सुरक्षारक्षक स्टँडमध्ये शिरले, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता; आपण काही चुकीचं केलेलं नाही, आपण खेळणार, असं रहाणे म्हणाला. हे सिराजनंच नंतर हैदराबादला परतल्यावर सांगितलं.

सव्वीस वर्षांचा पोरगा, दुसरीच कसोटी. रिक्षा चालवून ज्यांनी त्याला क्रिकेटर केलं ते वडील नोव्हेंबरमध्ये गेले, तेव्हा हा ऑस्ट्रेलियातच होता आणि तिथेच थांबला. अशा पोरानं भर मैदानात खेळ थांबवून तक्रार करायची म्हणजे छाती लागते. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियानं चौकशी केली. खेळाडूंना वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागले हे त्यांनी मान्य केलं, पण बाहेर काढलेले ते सहा जण त्यात दोषी ठरले नाहीत. गर्दीचं हे असंच. आवाज ऐकू येतो, तोंड सापडत नाही.

मला मात्र आज बोलायचंय ते अश्विनच्या एका वाक्यावर. त्या संध्याकाळी रविचंद्रन अश्विन पत्रकारांसमोर आला. सिडनीत हे आमच्या बाबतीत आधीही झालंय, असं त्यानं सांगितलं. आणि पुढे जे म्हणाला त्याचा आशय असा, की 2011-12 मध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा एवढ्या लोकांसमोर माणसाला किती लहान करता येतं हे मला माहीतच नव्हतं. तुम्हाला शिव्या पडतात आणि बाजूचे लोक चक्क हसतात.

हसतात. तो शब्द ऐकला आणि माझा घास घशात अडकला. कारण श्रोतेहो, असा हसणारा एक माणूस मला माहीत आहे.

17 ऑक्टोबर 2007, वानखेडे. नवरात्राचे दिवस, भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतली सातवी, शेवटची मॅच. मुरली कार्तिकनं त्या दिवशी 27 धावांत सहा बळी घेतले. आम्ही दोन गडी राखून जिंकलो. आजही कुणाला सांगताना मी तिथं होतो म्हणून छाती फुगवतो. आणि त्याच दिवशी त्याच स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय अष्टपैलू अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे आवाज काढले गेले. आठवडाभर आधी बडोद्याला हेच झालं होतं, वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. म्हणजे नकळत झालं असं म्हणायचीही सोय नाही. माकडचेष्टा करणाऱ्या प्रेक्षकांचा फोटो एका छायाचित्रकारानं टिपला, तो जगभर गेला. पोलिसांनी काहींना बाहेरही काढलं. मालिकावीराचा पुरस्कार सायमंड्सलाच होता. तो घ्यायला आला तेव्हासुद्धा हुर्यो उडवला गेला.

आमच्या मागच्या रांगेत एक जण काखेत हात खुपसून उड्या मारत होता. मी मागे वळून पाहिलं. मी ओरडलो नाही, उड्या मारल्या नाहीत. फक्त हसलो. शेजाऱ्याकडे पाहून हसलो, त्यानं मला वडापावातला अर्धा दिला, आम्ही पुढची ओव्हर बघायला लागलो.

तो उड्या मारणारा एकटाच असता ना, तर दोन मिनिटांत दमून खाली बसला असता. त्याला आमचं हसू पुरलं.

अडीच महिन्यांनी सिडनीत हरभजन-सायमंड्स प्रकरण झालं, आपल्या हरभजन सिंगनं सायमंड्सला वर्णद्वेषी शब्द वापरला असा आरोप झाला आणि आपल्या देशानं एका सुरात हरभजनची बाजू घेतली. तीन कसोटींची बंदी आली, अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांच्यापुढे ती उठली. वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही, शिवीगाळीबद्दल दंड झाला. नेमका शब्द कोणता होता, यावर आजही कट्ट्यावर भांडणं होतात. मला त्यात पडायचं नाही. पण त्या वेळी मी तावातावानं म्हणत होतो, की या सायमंड्सला चार शब्द सहन होत नाहीत. वानखेडेवर जे झालं ते मी स्वतः पाहून आलो होतो, तरी! सायमंड्सनं पुढे काही वर्षांनी सांगितलं, की माझी घसरण तिथून सुरू झाली, दारू वाढली, आपल्यामुळे सहकारी यात ओढले गेले याचं ओझं वाटत राहिलं. 2011 मध्ये तो आणि हरभजन मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. मे 2022 मध्ये गाडीच्या अपघातात तो गेला.

ड्रेसिंग रूमवरून डॅरेन सॅमी आठवला. वेस्ट इंडीजला दोन वेळा टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘कालू’ म्हणायचे. सॅमीला वाटायचं, ताकदवान घोड्याला वगैरे म्हणत असतील, कारण हाक मारली की सगळे हसायचे, म्हणजे काहीतरी गमतीचंच असणार! त्याचा खरा अर्थ त्याला 2020 मध्ये कळला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यानंतरचे ते दिवस. सॅमीनं उघडपणे विचारलं, की बाबांनो, तुम्ही मला काय म्हणत होता? नंतर एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, प्रेमानं म्हणत होतो असं त्यानं सांगितलं, सॅमीनंही ते मोठ्या मनानं मान्य केलं.

प्रेमानं. खरंही असेल. आपण घरातसुद्धा म्हणतोच की, ‘रंगानं जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस’. तो ‘पण’ ऐकून वाढलेल्या मुलीला विचारा प्रेमाचं.

आणि हे फक्त परदेशी पाहुण्यांच्या वाट्याला येतं असंही नाही. अभिनव मुकुंद, आपला सलामीचा फलंदाज. 2017 च्या ऑगस्टमध्ये श्रीलंका दौऱ्यावर असताना त्यानं ट्विटरवर लिहिलं, की लहानपणापासून माझ्या रंगावरून बोलणी ऐकतोय. चेन्नईच्या उन्हात दिवसदिवस सराव करून तो रापला होता. ज्या उन्हानं त्याला भारताची टोपी दिली त्याच उन्हाबद्दल लोक त्याला चिडवत होते. आपले माजी फिरकीपटू लक्ष्मण शिवरामकृष्णन यांनीही 2021 मध्ये लिहिलं, की हा भेद मी आयुष्यभर सोसला, तोही आपल्याच देशात.

वेस्ट इंडीजच्या मायकेल होल्डिंगसारखा वेगवान गोलंदाज, ज्याला बघून फलंदाजांचे पाय लटपटायचे, तो जुलै 2020 मध्ये टीव्हीवर बोलता बोलता रडला. कशावरून? आईच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, कारण तिचा नवरा जास्त काळा होता. माहेरच्यांनी, गोऱ्या साहेबानं नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरात हे घडलं असतं.

वेळ संपत आलीय. एक सांगतो आणि थांबतो.

गेली बरीच वर्षं मी रविवारी मैदानावर स्कोअर लिहितो. टेनिस बॉल असो नाहीतर कडक सीझन बॉल, स्कोअरबुक घेऊन टेबलाशी बसतो. मागच्या हिवाळ्यात एका संघानं नावांची यादीच आणली नव्हती. नवा गोलंदाज आला, उंच, सडसडीत, चांगला वेग. मी ओरडून विचारलं, ‘नाव काय रे?’ तंबूतनं पाच-सहा जण एकदम म्हणाले, ‘काळ्या लिहा काका!’ आणि हसले. माझ्याही ओठांवर आलं होतं हसू, जुनी सवय. मी म्हटलं, ‘वहीत पूर्ण नाव लागतं. सांगा.’ ते एकमेकांकडे बघायला लागले. दोन सीझन बरोबर खेळत होते, आडनाव एकालाही सांगता येईना.

ओव्हर संपल्यावर तो स्वतः टेबलाशी आला. पँटला हात पुसला, माझी पेन्सिल घेतली आणि गोलंदाजांच्या रकान्यात वाकून लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रकाना लहान पडला, आडनावाची शेवटची दोन अक्षरं ओव्हरच्या चौकटीत गेली. मी ती खोडली नाहीत. त्याची दुसरी ओव्हर पुढच्या घरात मांडली.

नमस्कार.