सुरवंट मिळेल का?

श्रोतेहो, नमस्कार. गळावर पिसे, केस आणि दोरे बांधून खोटी माशी तयार करायची आणि तिच्या मोहाने मासा गळाला लावायचा, हा माझा छंद आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. या माशीच्या सामानाच्या नावांविषयी, त्यातही चेनिल या एका नावाविषयी, आज बोलायचे आहे. चेनिल म्हणजे पिळलेल्या दोऱ्यांत आखूड धागे अडकवून केलेला लवदार दोरा. माशीचे गुबगुबीत अंग त्याचेच करतात.

तो शोधत मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील एका दुकानात गेलो. सोबत चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या शेजारच्या आजी होत्या. त्यांना नातीच्या लग्नासाठी जर हवी होती. मी ‘चेनिल’ म्हणताच दुकानदारांनी शनीलचे, म्हणजे रजईच्या मखमली कापडाचे, ठाण उलगडले. ‘कापड नको, दोरा हवा,’ मी म्हटले. ‘शनील दोऱ्यात येत नाही, साहेब,’ ते म्हणाले. शेवटी मी खिशातला नमुना काढून काउंटरवर ठेवला, तशा आजी दचकून मागे सरकल्या : ‘अगो बाय, सुरवंट!’

आता गंमत ऐका. फ्रेंच भाषेत चेनिल या शब्दाचा अर्थ सुरवंट असाच आहे. पुन्हा सांगतो, चेनिल म्हणजे सुरवंट. आजींनी फ्रेंचचा गंधही नसताना नुसत्या नजरेने नेमके तेच नाव ठेवले. त्या फ्रेंच शब्दाच्याही मुळाशी लॅटिनमधला ‘छोटी कुत्री’ अशा अर्थाचा शब्द आहे. केसाळपणामुळेच तो सुरवंटाला चिकटला असावा. शनील हेही, माझ्या मते, चेनिलचेच इकडचे रूप आहे. म्हणजे दुकानदार आणि मी एकाच शब्दाची दोन टोके धरून भांडत होतो. दोरा बोटांत धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. फोनवरून माल मागवणाऱ्यांना अशा आजी कुठून भेटणार?

इतर नावे थोडक्यात सांगतो. माराबू हे आफ्रिकेतल्या करकोच्याचे नाव; आज त्या नावाने टर्कीची मऊ पिसे विकली जातात. जंगल कॉक म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या ठिपकेदार पिसांना सामन माशांच्या गळांसाठी परदेशात मोठी मागणी असे. टिन्सेल, म्हणजे चमकता धागा, हे नाव ठिणगी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आले, तर आपली जर फारसीतल्या सोन्यावरून आली. त्या दिवशी आजींच्या जरीतला हातभर तुकडा मी मागून घेतला आणि माशीच्या पोटावर गुंडाळला.