थेंबावर ठेवलेली काच

(दृश्य: खिडकीपाशी टेबल. चिरलेला कांदा, पाण्याची वाटी, ड्रॉपर. बाहेर पावसाचा आवाज.)

आज कांद्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघूया, त्यासाठी काचपट्टी तयार करायची. कांद्याची ही एक जाड पाकळी. ती मोडायची, आणि आतल्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्यानं हळूच ओढायचा. हा बघा, सुटला. इतका पातळ की बोटावर घेतला तर रेषा दिसाव्यात. पण बोटावर घ्यायचा नाही, लगेच वाटीतल्या पाण्यात सोडायचा. वाऱ्यावर राहिला की त्याची सुरळी होते, आणि ती उलगडताना तो फाटतो.

आता काचपट्टी. 75 मिलिमीटर लांब, 25 रुंद, जाडी साधारण 1 मिलिमीटर. नेहमी कडेनं धरायची, मधे बोट लागलं तर आपलेच ठसे बघत बसावं लागतं. मधोमध पाण्याचा एक थेंब. एकच. त्यात पापुद्र्याचा नखाएवढा चौकोनी तुकडा पसरायचा आणि सुईनं घड्या सोडवायच्या.

पण पाणी कशाला? पापुद्रा कोरडाच का ठेवू नये?

(दृश्य: कागदावर ठेवलेली गरम भजी. भजी उचलल्यावर कागदावर तेलाचा डाग. कागद खिडकीकडे धरलेला.)

भजीचा कागद उजेडाकडे धरून बघा. तेल लागलं तिथून उजेड आरपार येतो. कोऱ्या कागदात धाग्यांच्या मधे हवा असते. हवेतून धाग्यात, धाग्यातून हवेत, असा प्रकाश दर पावलाला वळतो आणि विखुरतो. तेल त्या फटी भरतं आणि हे वळणं कमी होतं. आपल्या थेंबात तेच काम पाणी करतं. प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. हवेचा 1, पाण्याचा 1.33, काचेचा 1.5 च्या आसपास. पाणी हवेपेक्षा काचेच्या आणि पेशीच्या जवळचं, म्हणून पापुद्र्याच्या आतलं दिसू लागतं. शिवाय पेशी जिवंत राहते, आणि मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं मोल तेच वाटतं.

(दृश्य: अगदी जवळून. थेंब, तिरकी धरलेली कव्हरस्लिप, तिच्याखाली सुई.)

आता थोडं थांबूया. काचपट्टी इथेच साधते किंवा बिघडते.

ही कव्हरस्लिप, थेंबावर झाकायची छोटी काच. जाडी साधारण 0.17 मिलिमीटर, नखाहूनही पातळ. तिची एक कड थेंबाच्या शेजारी टेकवायची, दुसरी सुईवर पेलायची. थेंब कडेला शिवला की बघा, पाणी आपणहून त्या कडेनं धावत जातं. ते टोकापर्यंत पोहोचेस्तोवर हात हलवायचा नाही. मग सुई हळूहळू खाली. पाणी पुढे सरकतं आणि हवा समोरच्या बाजूनं निघून जाते. काच वरून सपाट ठेवली, तर हवेला वाटच उरत नाही. ती बुडबुडा होऊन बसते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून. जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ.)

हा तो बुडबुडा. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास ओरडतात, ‘सर, पेशी दिसली!’ त्यांना रागावू नये. इतकं ठळक वर्तुळ दिसल्यावर कुणालाही तसंच वाटेल. काच सुईनं पुन्हा उचलायची, थेंब वाढवायचा, परत ठेवायची.

रंग द्यायला काच काढावी लागत नाही. एका कडेला आयोडीनचा थेंब, समोरच्या कडेला टिपकागद. कागद पाणी ओढतो, पाण्यामागून आयोडीन काचेखाली शिरतं.

(दृश्य: पिवळसर रंग पापुद्र्यावर पसरताना. मग दहापट पदार्थभिंगातून, म्हणजे काचपट्टीजवळच्या भिंगातून.)

आधी नेहमी कमी मोठं दाखवणारं भिंग. उजेड थोडा कमी करा. भगभगीत प्रकाशात पातळ वस्तू विरून जातात. आता दिसतात लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशी, आणि बहुतेकींत कडेला सरकलेलं तपकिरी पिवळं केंद्रक. मधली जागा रिक्तिकेनं, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीनं, व्यापलीय, म्हणून ते कडेला. हरितलवकं, म्हणजे पानांतले हिरवे कण, शोधू नका. या पाकळ्या जमिनीत, अंधारात वाढलेल्या.

(दृश्य: डबक्याचं पाणी भरलेली बरणी, तळाशी कुजकी पानं.)

कांदा हलत नाही. हे पाणी हलतं.

1676 साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानं मिरी भिजवलेलं पाणी आपल्या हातानं घासलेल्या एकाच भिंगातून पाहिलं. मिरी तिखट का लागते, हे त्याला शोधायचं होतं. दिसले ते हिंडणारे जीव. तसं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं.

आपण थेंब बरणीच्या तळाजवळून घेऊया, पानांच्या कडेचा. वरच्या नितळ पाण्यात फारसं काही सापडत नाही. थेंबात कापसाचे चार तंतू पिंजून टाका, मग कव्हरस्लिप. तंतूंची कुंपणं होतात. नाहीतर पॅरामेशियम, हा एकाच पेशीचा जीव, नजरेत ठरतच नाही. शंभरपट मोठं करून बघताना आपल्यासमोर जेमतेम दोन मिलिमीटरचं मैदान असतं, ते तो बघता बघता पार करतो.

(दृश्य: तंतूंच्या मधे अडकलेला पॅरामेशियम. तो थांबतो, मागे सरतो, दिशा बदलतो.)

सपातेसारखा आकार, अंगभर केस, आणि त्यांची लाट. शाळांच्या कपाटांत रंगवलेल्या तयार काचपट्ट्या असतात. रचना शिकायला त्या हव्यातच. पण हे मागे सरणं त्यांत नाही. प्रत्येक मुलानं एकदा तरी स्वतःच्या हातानं थेंबावर काच ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. रांगेत उभं राहून दुसऱ्यानं लावून ठेवलेल्या भिंगाला डोळा लावणं वेगळं.

वेळ फार नाही. दिव्याच्या उबेनं पाणी कडेनं आटतं, मोकळी हवा आत सरकू लागते.

(दृश्य: काचेखालची पाण्याची कड आत येताना. ड्रॉपरचं टोक. कडेला एक थेंब.)

थेंब टेकला. पाणी आत गेलं. तो बघा, तंतूखालून निघाला.