अनोळखी संगणकप्रणालीवर पहिले सॉफ्टवेअर बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि ती अनेक जुन्या संगणकांत नसते. त्यामुळे चांगला चालणारा संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त संगणकप्रणाली घ्यावी, असा विचार ज्यांच्या मनात आला आहे, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. उबुंटूची एप्रिल २०२४ मध्ये आलेली २४.०४ ही आवृत्ती दीर्घ मुदतीची असून तिला पाच वर्षे विनामूल्य सुरक्षा-सुधारणा मिळतात. प्रणाली बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. नवशिक्याची खरी अडचण सुरू होते ती त्यानंतर, म्हणजे पहिले सॉफ्टवेअर बसवताना आणि त्याहूनही अधिक, ते आपल्या कामासाठी जुळवून घेताना.

विंडोजवर आपल्याला एक सवय लागलेली असते. संकेतस्थळ शोधायचे, फाइल उतरवून घ्यायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचे आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जायचे. ही सवय येथे सोडावी लागते. उबुंटूची स्वतःची भांडारे आहेत, त्यांना रेपॉझिटरी म्हणतात. तेथील यादीवर डिजिटल स्वाक्षरी असते, आणि मागवलेले पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे बांधून ठेवलेले गाठोडे, त्या यादीशी जुळते की नाही हे संगणक स्वतः पडताळतो. एखाद्या पॅकेजला चालण्यासाठी दुसरी चार पॅकेजे लागत असतील, तर तीही आपोआप मागवली जातात.

आपल्या शहराच्या गरजेतलेच उदाहरण घेऊ. सोलापुरात एकाच दुकानात मराठी पावती, पूर्व भागातील गिऱ्हाइकासाठी तेलुगू मजकूर आणि अक्कलकोटकडच्या पाहुण्यांसाठी कन्नड पत्रिका लागू शकते. या तिन्ही लिपी टंकित करण्यासाठी ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज उपयोगी पडते. टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून प्रथम ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (sudo apt update) आणि नंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन’ (sudo apt install ibus-m17n) अशा दोन आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडून लिहायच्या. आयबस आणि एम यांच्यामध्ये मात्र मोकळी जागा नाही, आडवी रेघ आहे. ‘सुडो’ म्हणजे ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवा. त्यासाठी पासवर्ड विचारला जातो आणि तो लिहिताना पडद्यावर एक टिंबसुद्धा उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजून अनेक जण येथेच थांबतात, पण प्रत्यक्षात पासवर्ड लिहिला जात असतो. तो पूर्ण करून एंटर दाबावे.

यातील ‘अपडेट’ ही आज्ञा कोणतेही सॉफ्टवेअर नवे करत नाही; भांडारात काय काय उपलब्ध आहे त्याची यादी ती ताजी करते. ती वगळली आणि यादी जुनी असली, तर पॅकेज सापडत नाही असा संदेश येऊ शकतो. नावातील एखादे अक्षर चुकले तरी तोच संदेश येतो. ‘लॉक’, म्हणजे एका वेळी एकानेच पॅकेजे बसवावीत यासाठीचे कुलूप, मिळत नाही असा संदेश आला, तर बहुधा संगणक पाठीमागे स्वतःच्या सुधारणा बसवत असतो. अशा वेळी काही मिनिटे थांबावे, लॉकची फाइल पुसून टाकू नये.

पॅकेज बसले, तरी कळफलकावर मराठी उमटत नाही. आपले काम येथे अर्धेच झालेले असते. एकदा लॉग-आउट करून पुन्हा आत यावे, मग सेटिंग्जमधील कीबोर्ड या विभागात जाऊन इनपुट सोर्समध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड यांचे इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या कळफलक-मांडणीचे, पर्याय जोडावेत. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. इनस्क्रिप्टची रचना मला मनापासून आवडते, कारण ज्या कळीवर मराठीत ‘क’ येतो, तिच्यावरच तेलुगू आणि कन्नडमधलाही ‘क’ येतो. सोलापूरकरासाठी याहून सोयीची मांडणी दुसरी कोणती असणार?

सॉफ्टवेअर आणि त्याची जुळवणी यांतला फरक यंत्रमागाच्या शहराला समजावून सांगायला नको. चादरीच्या मागावर जकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारे यंत्र, तेच राहते, पण छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. पत्ता चुकीचा असेल, तर माग नवा आणून बसवला तरी फूल चुकीचेच विणले जाणार. उबुंटूमध्ये ‘ॲप्ट रिमूव्ह’ या आज्ञेने सॉफ्टवेअर निघते, मात्र संपूर्ण संगणकासाठीच्या त्याच्या सेटिंगच्या फाइली ‘ईटीसी’ या फोल्डरात तशाच राहतात. ‘पर्ज’ ही आज्ञा त्याही काढते. तरीसुद्धा वापरणाऱ्याने स्वतः केलेले बदल त्याच्या होम फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या लपलेल्या फाइलींत उरतात. फोल्डरच्या खिडकीत कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की त्या दिसू लागतात. ‘काढून पुन्हा टाका’ हा विंडोजवरचा हमखास उपाय येथे वरचेवर निष्फळ ठरतो, त्यामागे हेच कारण असते.

या सेटिंगच्या फाइली बहुतेक वेळा साध्या मजकुराच्या असतात. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. इंटरनेटवरून उचललेली आज्ञा चालवण्याआधी ती कोणत्या आवृत्तीसाठी सांगितली आहे ते पाहावे. जिचा अर्थ कळत नाही अशी ‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा तर मुळीच चालवू नये, मग ती सांगणारा कितीही आत्मविश्वासाने सांगत असो.

ज्यांचा व्यवसाय डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा आहे, त्यांना मात्र मी घाई करू नका असेच सांगेन. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही, आणि पाने जुळवणाऱ्या पेजमेकरसारखी विंडोजची सॉफ्टवेअरे उबुंटूवर थेट चालत नाहीत. अशा ठिकाणी जुनी व्यवस्था राहू द्यावी आणि पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू करून पाहावी. त्यातील ‘ट्राय’ हा पर्याय निवडला, तर हार्ड डिस्कवर काहीही न बसवता आपला प्रिंटर, वाय-फाय आणि कळफलक तपासता येतात.

एवढे करूनही अडलात आणि कोणा जाणकाराला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. सेटिंग्जच्या सिस्टिम विभागात ‘अबाउट’ येथे दिसणारी उबुंटूची आवृत्ती, आपण लिहिलेली आज्ञा आणि तिच्याखाली आलेला संपूर्ण संदेश जसाच्या तसा त्यांना पाठवा. संदेश इंग्रजीत असला तरी त्याचे भाषांतर करू नका, कारण जाणकार उत्तर शोधतो ते त्या मूळ शब्दांवरूनच.

नमस्कार.