फेज वन ट्रायल: सही करायच्या आधी

नमस्कार मंडळी. लिव्हरचा कॅन्सर पुढे गेलाय, ऑपरेशन होण्यासारखं नाही, आणि डॉक्टर म्हणतात एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, फेज वन, बघता का? झालं, घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सोडायचंच नाही, दुसरी म्हणते आपल्या माणसाचा उंदीर करतायत. मला विचाराल तर दोघांचंही थोडं चुकतंय.

फेज वनचा मुख्य प्रश्न गाठ कमी होते का हा नसतोच, माणसाला डोस किती झेपतो हा असतो. नेहमीची जुनी पद्धत अशी की तिघांना अगदी कमी डोस द्यायचा, काही आठवडे बघायचं, कोणालाच गंभीर त्रास नाही झाला तर पुढच्या तिघांना जास्त, एकाला झाला तर त्याच डोसवर अजून तिघं, आणि दोघांना झाला की थांबून एक पायरी खाली यायचं. म्हणजे जो पहिल्या तिघांत आला त्याला सहसा त्रास कमी, पण फायद्याचा चान्सही कमीच. म्हणून सरळ विचारा, आत्ता कितवी पायरी चालू आहे?

आणि लिव्हरची गोम वेगळीच. बऱ्याच जणांना आधीपासून सिरोसिस असतो, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक झालेलं असतं, म्हणजे आजार एक नाही, दोन. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायचा वेळ, पोटातलं पाणी, आणि गुंगी किंवा भ्रम, या 5 गोष्टींवरून चाइल्ड-प्यू ग्रेड काढतात, म्हणजे लिव्हर किती काम करतंय याचा अंदाज, ए सगळ्यात चांगला, आणि बहुतेक ट्रायलमध्ये ए ग्रेडवालेच घेतात. लोक चिडतात, ज्याला जास्त गरज त्यालाच नाही म्हणता? पण बरीच औषधं लिव्हरमध्येच मोडली जातात, ते थकलेलं असेल तर तोच डोस अंगावर येतो, शिवाय उद्या कावीळ वाढली तर औषधाने वाढली की सिरोसिसने, कळणार कसं?

आशा किती ठेवायची? 2008 साली लिव्हर कॅन्सरवरच्या सोराफेनिब या औषधाच्या मोठ्या ट्रायलचे आकडे छापून आले, मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) औषधाशिवाय 7.9 महिने, औषधाने 10.7, आणि तेव्हा तेच मोठं यश होतं. नंतर सुनिटिनिब, ब्रिवानिब आली, सुरुवातीला बरी वाटली, पण तिसऱ्या फेजला, म्हणजे बऱ्याच पेशंटवर नेहमीच्या औषधाशी थेट तुलना करतात तेव्हा, सोराफेनिबला मागे टाकू शकली नाहीत. 2020 साली अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅबच्या जोडीने ते करून दाखवलं.

सही केली तरी मधेच कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता. आणि हो, पहिल्या डोसच्या दिवशी बऱ्याचदा दर थोड्या तासांनी रक्त घेतात, दिवस तिथेच जातो, तेव्हा सोबत कोण बसणार ते आधीच ठरवा.