खांदेरीहून परतताना

मंडळी, मुंबईच्या गेटवेपासून खांदेरी, म्हणजे थळसमोरचं किल्ल्याचं बेट, साधारण 13 सागरी मैल, जवळजवळ सरळ दक्षिणेला. एप्रिल-मेमध्ये पंचवीस-तीस फुटी शिडाच्या बोटीनं दिवसात जाऊन येता येतं. तयारी मात्र सगळे जाण्याची करतात, आणि कस लागतो तो परतताना.

दुपारी वायव्येचा 20 नॉट (तासाला 20 सागरी मैल) वारा आहे असं धरा. जाताना तो मागच्या बाजूनं तिरका येतो. बोट 6 नॉटनं पळत असेल तर डेकवर तुम्हाला 17 नॉटच जाणवतो. परतताना तोच वारा पुढून तिरका. बोट 5 नॉटनं जरी चालली तरी अंगावर 23-24 नॉट येतो. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ‘जाताना पूर्ण शीड मस्त पेललं होतं’ हा हिशेब म्हणूनच फसवा.

तेव्हा शीड आखूड करायचं ते बेटाच्या आडोशालाच, नांगर उचलण्याआधी. बूमचा (शिडाखालच्या आडव्या दांड्याचा) भार टॉपिंग लिफ्टवर, म्हणजे तो वरून तोलणाऱ्या दोरीवर घ्या, शीट (शीड आवळायची दोरी) सैल सोडा, हॅलियार्ड (शीड चढवायची दोरी) खुणेपर्यंत उतरवा. शिडाची डोलकाठीकडची कडी हुकात अडकवा आणि हॅलियार्ड पुन्हा ताणा. मग मागच्या टोकाची रीफ लाइन (शीड आखूड करायची दोरी) विंचवर, म्हणजे दोरी ताणायच्या रहाटावर घेऊन खेचा, शिडाची खालची कड पाटासारखी सपाट होईपर्यंत. चूक होते ती इथेच. ही दोरी ढिली राहिली तर शीड लहान होतं, पण पोट धरतं, आणि बोट उलट जास्त कलते. मधल्या बारक्या दोऱ्या फक्त लोंबतं कापड आवरायला असतात. त्या करकचून बांधल्या तर ताण त्यांच्यावर येतो आणि शीड नेमकं तिथंच फाटतं.

आता पाणी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. म्हणजे दुपारभर बंदरातून बाहेर पडणारी उधाणाची ओहोटी तुमच्या विरुद्ध, आणि तोंडाशी ती समुद्रावरून येणाऱ्या लाटेला भिडते, लाट उभी राहते. अष्टमीला उलट: भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला. सकाळी मतलई (जमिनीवरून येणाऱ्या) वाऱ्यावर, ओहोटीबरोबर निघा. दुपारी भरती तुम्हाला घरी आणते, शिवाय भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी मवाळ. तारीख सुट्टी बघून नव्हे, तिथी बघून ठरवावी. नेमकी वेळ अर्थातच भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची.

परतीचा सगळ्यात मोठा धोका उजव्या हाताला आहे: किहीम, सासवणे, मांडव्याचा किनारा. वारा बोटीला तिकडेच ढकलतो. फक्त 5 अंश घसरण धरली तरी 13 मैलांत मैलाहून जास्त पूर्वेला जाता. म्हणून सुटल्यावर लगेच उत्तर धरू नका. आधी अर्धा तास पश्चिमेला, खुल्या समुद्रात जा, मगच वळा. किनाऱ्याजवळ वळण चुकलं तर दुसऱ्यांदा वळायला जागा उरत नाही.

(1679 साली मायनाक भंडारींची माणसं खांदेरी बांधत असताना मराठ्यांची छोटी गलबतं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून रसद पोचवत होती. ती वल्ह्यांवरही चालत. आपल्याकडे वल्हेकरी नसतात, इंजिन असतं, आणि त्याबद्दल शेवटी.)

नांगराचं गणितही ओहोटीवर करू नका. टाकताना 4 मीटर पाणी असेल आणि उधाणाची भरती साडेचार मीटरनं चढणार असेल, तर नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची मीटरभर मिळवून साडेनऊ होतात. साखळी याच्या पाचपट सोडायची, म्हणजे साडेसत्तेचाळीस मीटर. वीस मीटर सोडून जेवायला बसलात तर भरतीबरोबर नांगर घसरायला लागतो.

आणि इंजिन. थळ-वरसोलीसमोर डोल जाळ्यांचे (मासेमारीच्या रोवलेल्या जाळ्यांचे) खुंट आणि तरंडे (तरंगते गोळे) पाण्याच्या पातळीलाच असतात, लाटांत दिसत नाहीत. एक माणूस नाळेवर उभा करा. दोरी प्रॉपेलरमध्ये गेली तर इंजिन ताबडतोब बंद. मागचा गिअर टाकून सोडवायला जाल तर ती शाफ्टभोवती आणखी आवळते. शीड उभारलेलं ठेवा, नांगर तयार ठेवा, आणि दोरी कापायला चाकू डब्यात नव्हे, कमरेला असू द्या.