शंभर बायका आणि एक बाप्या

नमस्कार मंडळी. आज एका सर्वनामाची गोष्ट सांगणारे, आता सर्वनाम म्हटलं की निम्मे जण लगेच स्टेशन बदलणार हे मला माहितीये, पण दोन मिनिटं थांबा.

फ्रेंचमध्ये 'ते' म्हणजे 'ईल' आणि 'त्या' म्हणजे 'एल', आणि शाळेत नियम शिकवतात की पुल्लिंग वरचढ. खोलीत शंभर बायका बसल्यात तोवर 'एल', दारातून एक बाप्या आत आला की सगळ्यांचं 'ईल' झालं, खल्लास! आपण निदान 'मंडळी जमली', 'सगळी आली' असं म्हणून सुटतो, त्यांच्याकडे नपुंसकलिंगच नाही मग सुटणार कुठून.

मोनीक विटिग नावाची फ्रेंच लेखिका नेमकी या नियमाला भिडली. जन्म १९३५चा, फ्रान्सच्या अल्सास भागातला. १९६४ साली 'लोपोपोनाक्स' ही पहिली कादंबरी आली आणि तिला मेडिसिस हा फ्रान्समधला साहित्य पुरस्कार मिळाला. गोष्ट एका लहान मुलीची, पण ती 'मी' म्हणतच नाही, सगळीकडे फ्रेंचमधलं 'ऑं', म्हणजे साधारण आपलं 'आपण', 'आपण नाय जाणार बुवा' मधलं, ज्याला ना स्त्री चिकटते ना पुरुष. 'मी' उगवतो तो थेट शेवटच्या वाक्यात.

मग १९६९चं 'ले गेरियेर', लढणाऱ्या बायकांचं महाकाव्यच म्हणा. यात नायक-नायिका कोणी नाही, सगळं करतात त्या 'एल', आणि मधूनमधून पानावर नुसती बायकांची नावं ठळक मोठ्या अक्षरात. म्हणजे इतके दिवस 'ते' म्हटलं की अख्खी माणूसजात, आता 'त्या' म्हटलं की अख्खी माणूसजात, बघा कसं वाटतं! इंग्रजीत मात्र पंचाईत झाली, तिथे 'ते' आणि 'त्या' एकच, म्हणून अनुवादात जागोजागी 'बायका' असा शब्द घातला गेला आणि विटिग वैतागली, कारण मूळ पुस्तकात तो शब्द तिने वापरलाच नव्हता. मराठीत हे काम किती सोपं आहे, 'त्या' लिहा, विषय संपला. मला तर इथे आपल्या भाषेचा उगाचच अभिमान वाटला.

पुढच्या पुस्तकात, १९७३ साली, तिने 'मी' लाच मधून चिरलं. फ्रेंच 'झ' म्हणजे मी, लिहिताना j आणि e अशी दोनच अक्षरं, त्यांच्या मधोमध तिरकी रेघ. मी ते मराठीत टाइप करून बघितलं, म ला दिलेली वेलांटी रेघेपलीकडे नेली तर कॉम्प्युटर तिच्या बाजूला ठिपक्यांचं गोल वर्तुळ काढतो, व्यंजन कुठाय म्हणून विचारतो जणू. आणि रेडिओवर तर ती रेघ ऐकूच येत नाही, मी आत्ता ती वाचली असती तरी तुम्हाला कळलं नसतं.

तिच्याच काळात एलेन सिक्सू ही दुसरी फ्रेंच लेखिका १९७५ साली लिहीत होती की बाईने आपलं शरीर लिहावं, बाईचं लिखाणच वेगळं. विटिगला ते बिलकुल पटलं नाही, लिहिणं म्हणजे काय अंगातून पाझरणारा घाम आहे का, ते काम आहे, मेहनत आहे असं तिचं म्हणणं. दोघींना एकाच टोपलीत टाकतात लोक, पण मी विटिगच्या बाजूने, पुस्तक चाळलं तरी ती मेहनत दिसते.

रस्त्यावरही विटिग अशीच. २६ ऑगस्ट १९७० ला ती आणि मूठभर बायका पॅरिसच्या विजयकमानीपाशी अनाम सैनिकाच्या समाधीवर फुलं घेऊन गेल्या, अनाम सैनिकापेक्षाही अनाम असलेल्या त्याच्या बायकोसाठी! पोलिसांनी धरलं अर्थात.

नंतर १९७६ साली सँड झाइगबरोबर तिने एक डिक्शनरी केली, त्यात ग्रीक कवयित्री सॅफोच्या नावापुढे अख्खं पान कोरं सोडलंय. ते इथे वाचून दाखवायचं तर मला गप्प बसावं लागेल, आणि दहा सेकंद गप्प बसले की आमचे इंजिनिअर काचेपलीकडून हातवारे करायला लागतात. तरी बघू या.