नायटा हटत नाही तेव्हा

आषाढ-श्रावणात कोकणपट्टीवर कपडे धड वाळत नाहीत. जांघेत, काखेत नायटा फोफावतो. मेडिकलमधून ट्यूब येते, खाज थांबते, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा उठते. बहुतेकांचं दुखणं खरोखरच बुरशीचं असतं. फार क्वचित मात्र मूळ शरीराच्या आत असतं, हॉर्मोन तयार करणाऱ्या गाठीत.

अशा वेळी पोट पाहा. तिथे जांभळट-तांबडे पट्टे दिसतात, एक सेंटिमीटरहून रुंद. बाळंतपणाचे वळ सहसा अरुंद असतात आणि फिके पडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ होते. ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवत राहते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे हॉर्मोन वाढतं. त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन घटतं, कातडी पातळ होते, जरासं आपटलं तरी काळंनिळं पडतं. प्रतिकारशक्तीही कमी होते, म्हणून नायटा आणि शिबं हटत नाहीत. त्यात हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठता येत नसेल, तर संशय बळावतो. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 साली या आजाराचा पीयूष ग्रंथीशी संबंध मांडला.

पण आधी घरातली औषधं बघायची. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन ही कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइडं असलेली ट्यूब जांघेत महिनोन्महिने लावली, तर तिथेही असेच पट्टे उठतात. सांधेदुखीच्या, दम्याच्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. नाव नसलेल्या पुड्यांचा तर भरवसाच नाही. सगळं डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र मनाने एकदम बंद करू नका, रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

तपासणी साधी आहे. रात्री 11 वाजता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅम गोळी, सकाळी 8 ते 9 दरम्यान रक्त. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली उतरलं नाही, तर पुढचा तपास. वेळ चुकली तर आकड्याला अर्थ उरत नाही. लांबच्या वाडीतल्यांनी रात्री शहरात नातेवाइकांकडे राहिलेलं बरं. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर निकाल फसवा येतो.

दुसरी गाठ अतिदुर्मिळ, स्वादुपिंडातली, रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकागॉन हे हॉर्मोन सोडणारी. तिचा चट्टा जांघेतून सरकत जातो. कडेला फोड, खपल्या, मागे काळा डाग. सोबत वजन घटतं, जीभ लालभडक होते, मधुमेह निघतो. इथे त्वचेचा तुकडा चट्ट्याच्या ताज्या कडेवरून घ्यावा लागतो. जुन्या खपलीतून निदान हाती लागत नाही.